घरच्या लोण्याची ब्राउनी : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार

मे महिन्यात निपाणीला माहेरी गेले असताना भाचीने पुण्याहून आणलेल्या ब्राउनीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आत्या, हे घरी होत नाही. तू केलीस तरी केकच होतो." तिचे म्हणणे खरे होते. आजवर मी ब्राउनी म्हणून जे भाजले ते काळ्या रंगाचे केकच होते. येत्या १९ ऑगस्टला राखी पौर्णिमेला जाताना मी तिच्यासाठी वरून तडकलेल्या पापुद्र्याची आणि आत ओलसर, दाट अशी खरी ब्राउनी घेऊन येईन, असे तिला सांगून आले आहे. हातात अकरा आठवडे आहेत. शाळेत विद्यार्थ्यांकडून प्रयोगवही लिहून घेते, त्याच शिस्तीने ही वही लिहायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे ठरवले आहे.

आज पहिला प्रयोग जुन्याच पद्धतीने केला, म्हणजे सुरुवात कुठून आहे ते कळावे. एक कप मैदा, पाऊण कप साखर, तीन अंडी, शंभर ग्रॅमचे खारे बटर, दोन मोठे चमचे कोको, वितळवलेले डार्क कंपाउंड आणि एक चमचा बेकिंग पावडर. अंडी हँड मिक्सरने फेस येईपर्यंत फेटली. ओटीजीचा (घरगुती विजेच्या भट्टीचा) काटा १८० वर ठेवून चाळीस मिनिटे, टूथपिक कोरडी निघेपर्यंत भाजले.

निकाल : उंची चार सेंटीमीटर, मध्यभागी फुगवटा, पृष्ठभाग मळकट तपकिरी, आत जाळी. चहाबरोबर चांगले लागले, पण ही ब्राउनी नव्हे.

कारणे बहुतेक कृतीतच दिसतात. बेकिंग पावडर आणि फेसलेली अंडी या दोन्हींनी मिश्रणात हवा भरली, मैदा जास्त आणि स्निग्धांश कमी असल्यामुळे त्या हवेला धरून ठेवणारा सांगाडा तयार झाला, आणि टूथपिक कोरडी होईपर्यंत वाट पाहिल्यामुळे उरलासुरला ओलावाही गेला. केकमध्ये जे गुण म्हणून पाहतो तेच इथे दोष ठरतात.

९ जून, रविवार

बेकिंग पावडर कायमची काढून टाकली. कपाऐवजी वजनकाटा वापरायला सुरुवात केली, आणि का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे म्हणून एकाच कपाने मैदा दोन प्रकारे मोजला. चाळून हलक्या हाताने भरलेला कप १२० ग्रॅम भरला, तर डब्यात कप खुपसून भरलेला १४६ ग्रॅम. ब्राउनीत एकूण मैदाच जर सत्तर ग्रॅम घालायचा असेल, तर एवढ्या फरकाने पदार्थाची जातच बदलते.

काल संध्याकाळी इथे बेळगावात रविवार पेठेत चॉकलेट घ्यायला गेले होते. दुकानदाराने नेहमीचे कंपाउंड पुढे केले आणि म्हणाला, "वैनी, सगळी बेकरीवाली हेच नेतात बघा." ते नेतात यात शंका नाही, कारण ते स्वस्त असते, वितळवायला सोपे असते आणि उन्हाळ्यात टिकते. पण वेष्टनावरची घटकांची यादी वाचली की फरक स्पष्ट होतो. कंपाउंडमध्ये साखर, प्रक्रिया केलेली वनस्पती चरबी आणि कोकोची पूड असते. खऱ्या चॉकलेटमध्ये त्या चरबीच्या जागी कोको बटर असते. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे तोंडातल्या उष्णतेपेक्षा थोडे खालीच वितळते, म्हणून खरे चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते. कंपाउंडमधली चरबी बऱ्याचदा उशिरा वितळते आणि टाळ्याला मेणासारखा थर धरून बसते. आजवर मला वाटे की तो थर बटरचा असावा.

खऱ्या चॉकलेटची वडी मिळायला दोन दुकाने फिरावी लागली. कोको मात्र आपल्याच राज्यात, कर्नाटकात पिकतो, याचे मला विशेष वाटते. दक्षिण कन्नड जिल्ह्यात सुपारीच्या बागांमधून, सुपारीच्या सावलीत कोकोची झाडे लावलेली असतात. मंगळूरची कॅम्पको ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९७३ साली सुरू झाली आणि तिचा पुत्तूरचा चॉकलेट कारखाना १९८६ साली.

दुसऱ्या प्रयोगाचे प्रमाण : बटर १२० ग्रॅम, चॉकलेट १५०, साखर २००, अंडी तीन (सोलून १३८ ग्रॅम), मैदा ७०, कोको २५, मीठ चिमूटभर. भांडे वीस सेंटीमीटरचे चौकोनी. अंडी फक्त मोडून मिसळली, फेटली नाहीत. १८० वर पस्तीस मिनिटे.

निकाल : उंची अडीच सेंटीमीटर. मध्यभाग दाट आणि चांगला, पण कडेचे दोन बोटे रुंदीचे सगळे तुकडे करपलेले, कोरडे. वर पापुद्रा नाही. चवीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो चॉकलेटचा आहे.

१६ जून, रविवार

आज काहीही भाजले नाही. कडा का करपल्या हे शोधण्यासाठी पूर्ण सकाळ ओटीजीची तपासणी केली.

नवीन आणलेला सळईचा तापमापक आधी तपासला. बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवतो. उकळत्या पाण्यात त्याने ९७.५ दाखवले, तेव्हा घरात सगळ्यांना तो बिघडलेला वाटला, पण तो बरोबर आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनांक जवळपास एक अंशाने उतरतो. दहावीच्या वर्गात दरवर्षी शिकवलेली गोष्ट स्वतःच्या चुलीवर मोजून पाहण्याचा योग इतक्या वर्षांनी आला, याचा आनंद या वहीत नोंदवून ठेवते.

मग ओटीजीत टांगायचा दुसरा तापमापक लावला. बाहेरचा काटा १८० वर असताना आत वीस मिनिटांनी २०५ होते. सळ्या विझल्या की ते १८५ पर्यंत उतरे आणि पेटल्या की पुन्हा वर जाई. म्हणजे १७० हवे असतील तर काटा १५० च्या जरा अलीकडे ठेवावा लागतो आणि आधी निदान वीस मिनिटे तापू द्यावे लागते. आतला दिवा विझला म्हणजे भट्टी तयार झाली, असे मी समजत होते, ते चूक होते.

आतली उष्णता सगळीकडे सारखी आहे का हे पाहण्यासाठी जाळीवर पावाचे सहा काप शेजारी शेजारी मांडले आणि सात मिनिटांनी बाहेर काढले. पुढचे दोन पांढरेच राहिले होते, मधले दोन बदामी झाले होते, मागचा डावा खरपूस झाला होता आणि मागच्या उजव्या कापाचा कोपरा काळा पडला होता. ते सहा काप त्याच क्रमाने ओट्यावर मांडले तेव्हा माझ्या भट्टीचा नकाशाच समोर उभा राहिला. यापुढे ट्रे मधल्या जाळीवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवायचा आणि पंधराव्या मिनिटाला फिरवायचा.

२३ जून, रविवार

आज पापुद्र्याचा विचार. ब्राउनीवरचा तो चकाकणारा, सुरीखाली चर्रकन फुटणारा कागदासारखा थर कोणत्याही वेगळ्या पदार्थाचा नसतो, तो साखरेचा असतो. मिश्रणात पूर्ण विरघळलेली साखर अंड्याच्या प्रथिनांबरोबर पृष्ठभागावर येते, तिथले पाणी भट्टीच्या उष्णतेने झपाट्याने उडते आणि मागे काचेसारखा पातळ पडदा उरतो. साखर दाण्यांच्या रूपात राहिली तर पडदा बनत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या साखरेचा दाणा मोठा असतो, आणि तूप-लोण्यात साखर विरघळत नाही, तिला पाणीच लागते. या मिश्रणात पाणी आहे ते मुख्यतः अंड्यांत. गेल्या वेळी मी साखर बटरमध्ये ढवळत बसले होते, ते व्यर्थ होते.

म्हणून साखर घरीच मिक्सरमधून काढली (बाजारच्या पिठीसाखरेत कधी कधी मक्याचे स्टार्च असते, म्हणून ती टाळली), अंड्यांबरोबर पाच मिनिटे व्हिस्कने फेटली आणि दोन बोटांत मिश्रण चोळून कण लागत नाही याची खात्री केली. फेटणे म्हणजे हवा भरणे, आणि हवा तर नको आहे, अशी शंका मनात होती. पण पातळ केलेले चॉकलेट ओतले की बरीचशी हवा बसते. शेवटी मैदा आणि कोको चाळून घातले आणि स्पॅच्युलाने पंधरा-सोळा वेळा खालून वर घेतले, पांढरी रेघ दिसेनाशी होताच थांबले. जास्त ढवळले की मैद्यातले ग्लुटेन चिवट होते.

खऱ्या १७० अंशांवर सत्तावीस मिनिटे. पापुद्रा आला. सगळीकडे नाही, पण ट्रेच्या तीन चतुर्थांश भागावर, आणि तो फुटताना आवाज आला.

३० जून, रविवार

बाराव्या मिनिटाला वीज गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. दार न उघडता पंचवीस मिनिटे वाट पाहिली, वीज आल्यावर पुन्हा वीस मिनिटे भाजले. मध्यभाग खोल बसला आणि तळाला तुपट, चिकट थर साचला, कारण मिश्रण घट्ट धरण्याआधीच अर्धवट उष्णतेत स्निग्धांश सुटून खाली उतरला होता. प्रयोग बाद. यापुढे भाजणे सकाळी आठच्या आत.

७ जुलै, रविवार

या वहीतली सर्वांत महत्त्वाची नोंद आजची असेल, असे वाटते.

आमच्याकडे म्हशीचे दूध येते. सासूबाई रोज साय साठवतात आणि आठवड्याने विरजून, ताक करून लोणी काढतात. घरात एवढे लोणी असताना बाजारचे खारे बटर का आणतेस, असे त्यांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न योग्य होता. मला एकच अडचण दिसत होती. बाजारच्या बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो हे वेष्टनावरून कळते, घरच्या लोण्यात पाणी किती हे कसे कळणार? तेव्हा ते मोजले. तीन पाण्यांनी धुऊन, नीट दाबून पाणी काढलेले २०० ग्रॅम लोणी पातेल्यात घेतले, पातेल्यासकट वजन लिहून ठेवले आणि मंद आचेवर कढवायला ठेवले.

सुरुवातीला लोणी पातळ होऊन वर पांढरा फेस आला. मग तडतडू लागले. तो आवाज पाण्याचा असतो. पाणी आहे तोवर तूप शंभर अंशांच्या वर चढत नाही, म्हणून तोवर काही करपतही नाही. हळूहळू तडतड विरळ होत गेली, मोठे बुडबुडे जाऊन बारीक फेस आला आणि तळाशी बेरीचे पांढरे कण दिसू लागले. तूप करायचे असते तर मी इथेच थांबले असते. सळई लावून पाहिली : ११८. मग १२५. कण पांढऱ्याचे पिवळसर, पिवळसराचे बदामी झाले, आणि १४० च्या आसपास तूप शांत झाले तेव्हा अचानक स्वयंपाकघरभर एक वास पसरला. सासूबाई देवघरातून उठून आल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, "कुंदा करालीस काय ग?"

त्यांचे नाक चुकले नव्हते. बेळगावच्या कुंद्याला जो तांबूस रंग आणि खरपूस गोडी येते ती दूध आटवून, साखरेबरोबर परतत राहिल्याने येते. दुधातली प्रथिने आणि शर्करा उष्णतेने एकमेकांशी संयोग पावून शेकडो सुगंधी द्रव्ये तयार करतात. विज्ञानात याला मेयार अभिक्रिया म्हणतात. बेरीच्या कणांतही तीच दुधाची प्रथिने आणि तीच दुधातली शर्करा असते. पाणी उडून तापमान चढले की त्यांच्यातही तेच घडते. कुंदा आणि खरपूस लोणी ही एकाच घरातली भावंडे आहेत. आपल्या आया-आज्या ही बेरी साखर घालून मुलांना वाटीत देत असत. मीही ती खाल्ली आहे, पण तिची जागा चॉकलेटमध्ये आहे हे मला कधी सुचले नव्हते.

गॅस बंद करून पातेले लगेच थंड पाण्याच्या परातीत ठेवले, नाहीतर पातेल्याच्याच उष्णतेने कण काळे आणि कडू होतात. वजन केले : १५८ ग्रॅम. म्हणजे ४२ ग्रॅम पाणी उडाले. हा आकडा हाती आल्यावर पुढचे सोपे झाले. १२५ ग्रॅम लोणी घ्यायचे, खरपूस कढवून ते ९९ ग्रॅमच्या आसपास आले की बेरीसकट वापरायचे. जाळीत गाळायचे नाही, कारण सगळा अर्क त्या कणांतच आहे.

उडालेले पाणी परत देणे मात्र आवश्यक आहे, ते न दिल्यास ब्राउनी तुपट आणि रवाळ होते. मी वीस ग्रॅम कडक कॉफीचा काढा घेतला. आमच्या घरात चिकमगळूरची, चिकोरी न मिसळलेली कॉफी असते. कॉफीमुळे ब्राउनी कॉफीची लागत नाही, चॉकलेटची चव अधिक गडद होते. हा काढा गरम असतानाच साखरेवर ओतला, साखर अर्धी तिथेच विरली, आणि त्यानंतर अंडी घातली. पाणी कुठे द्यायचे या प्रश्नाचे उत्तर शोधताना पापुद्र्याचाही प्रश्न सुटला. आज तो ट्रेच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोहोचला.

चव : सुरुवातीला चॉकलेट, मग मीठ, आणि घास गिळल्यावर मागे राहणारी ती कढवलेल्या लोण्याची गोडी. पुण्याच्या तुकड्यात ही नव्हती.

१४ जुलै, रविवार

आजचा प्रश्न एकच : कधी काढायची? एकाच मिश्रणाचे तीन छोटे डबे भरून तीन वेळी काढले आणि मध्यभागी सळई खुपसली. ८१ अंशांना काढलेली गार झाल्यावरही चमच्याने खावी लागली. ८७ ला काढलेली सुरीने कापता आली आणि दातांखाली दाट राहिली. ९५ ला काढलेली केक झाली. बाहेर काढल्यावरही ट्रेच्या उष्णतेने आतले तापमान आणखी तीन-चार अंश चढते, म्हणून ८६ ला हात घालायचा.

डोळ्यांनी पाहायचे तर अशी खूण आहे : कडा भांड्यापासून किंचित सुटलेल्या असतात, पापुद्रा सगळीकडे कोरडा दिसतो, आणि ट्रे हलवला तर मधला भाग घट्ट खरवसासारखा किंचित थरथरतो. टूथपिकवर ओलसर कण चिकटून यावेत. पातळ पीठ आले तर थांबायचे, कोरडी आली तर उशीर झालेला असतो. खरे सांगायचे तर मनाला पटण्याच्या दोन मिनिटे आधी ती काढावी लागते, आणि या सबंध कामात मला सर्वांत कठीण हेच जाते आहे.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

उपवासाचा दिवस, भट्टी बंद. सासूबाईंना या पदार्थाचा उगम हवा होता. तो अमेरिकेतला आहे. शिकागोच्या पामर हाऊस हॉटेलची परंपरा असे सांगते की १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बर्था पामर यांनी आपल्या आचाऱ्यांना स्त्रियांच्या जेवणाच्या डब्यात मावेल, केकपेक्षा लहान आणि हातात धरून खाता येईल असा गोड पदार्थ करायला सांगितला. स्वामी विवेकानंद शिकागोला गेले ते याच वर्षी, याच प्रदर्शनाबरोबर भरलेल्या धर्मपरिषदेसाठी, आणि त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १८९२ मध्ये, ते आपल्या बेळगावात भाटे वकिलांकडे उतरले होते. हे ऐकल्यावर सासूबाईंनी विचारले, "मग अंड्याशिवाय ही होतच नाही काय?"

त्या अंडे खात नाहीत. माझ्या प्रयोगांसाठी त्यांनी एक पातेले आणि एक व्हिस्क वेगळे काढून दिले, पण आजवर एकदाही त्यांनी चव पाहिलेली नाही. लोणी मात्र त्यांचे आहे. त्यांच्यासाठी वेगळा ट्रे करायलाच हवा.

२१ जुलै, रविवार

अंड्याची कामे ब्राउनीत तीन : पाणी देणे, घट्ट धरून ठेवणे आणि स्निग्धांश व पाणी एकजीव करणे. एकाच पदार्थाने तिन्ही भागत नाहीत. आमच्या भागात भाकरीबरोबर जवसाची चटणी घरोघरी असते, त्यामुळे जवस हाताशीच होता. त्याची बारीक पूड गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत लगदा होतो आणि तो धरून ठेवण्याचे काम करतो. तीनही अंड्यांच्या जागी जवसच घातला तेव्हा ब्राउनीला चटणीचा वास आला, म्हणून तो प्रयोग सोडला.

२८ जुलै, रविवार

अंड्याशिवायचे प्रमाण जमले : जवसाची पूड १५ ग्रॅम, गरम पाणी ४५, घट्ट दही १००, मैदा ९० आणि सोडा एक ग्रॅम. कॉफी, साखर, चॉकलेट, कोको आणि खरपूस लोणी पूर्वीप्रमाणेच. दह्याच्या आंबटपणामुळे सोड्याला काम मिळते आणि मिश्रण दगडासारखे बसत नाही. बत्तीस मिनिटे लागली.

कोकोविषयी इथेच लिहून ठेवते. साधा कोको आम्लधर्मी आणि फिकट असतो. ज्याला डच पद्धतीचा म्हणतात त्यावर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते, म्हणून तो काळपट आणि सौम्य असतो. ही पद्धत नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेन घराण्याची, ज्यांनी १८२८ साली कोकोतले बटर दाबून वेगळे काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. अंड्याच्या कृतीत सोडा नसल्यामुळे दोन्ही चालतात. मला रंगासाठी डच पद्धतीचा आवडला.

पापुद्रा या ट्रेला आला नाही आणि येणारही नाही, कारण त्याला अंड्याची प्रथिने लागतात. सासूबाईंनी दोन तुकडे खाल्ले. पहिला खाऊन काही बोलल्या नाहीत. दुसरा मागून घेतला.

४ ऑगस्ट, रविवार

दोनशेपैकी चाळीस ग्रॅम साखरेऐवजी गूळ घालून पाहिला. गुऱ्हाळांचा हंगाम सरलेला असल्याने गेल्या वर्षीच्या ढेपेचाच गूळ आहे, रंगाने गडद. तो गरम कॉफीत विरघळवून गाळून घ्यावा लागला, कारण तळाला खर होती. ब्राउनी अधिक ओलसर राहिली, कारण गूळ हवेतला ओलावा धरून ठेवतो, पण त्याच कारणाने पापुद्रा मऊ पडला. चवीलाही गूळ बेरीच्या वरचढ होतो. गूळ मला अतिशय प्रिय आहे आणि या प्रदेशाची ती ओळख आहे, तरीही या ब्राउनीत तो घालणार नाही. खरपूस लोणी असताना दुसरा सूर नको. काजूही त्याच कारणाने फक्त अर्ध्या ट्रेवर. चंदगडकडची पाकळी मंद आचेवर भाजून, गार करून, वरून पेरायची.

११ ऑगस्ट, रविवार

टिकवण्याची चाचणी. पावसाळ्यात उघडा ठेवलेला तुकडा चार तासांत वरून चिकट झाला. पूर्ण गार झाल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेला तिसऱ्या दिवशीही उत्तम होता, आणि दुसऱ्या दिवशी तर ताज्याहून सरस, कारण रात्रीतून ओलावा सगळीकडे सारखा पसरतो. गरम असताना ब्राउनी कापली की तिचा लगदा होतो. ट्रे गार होऊ द्यायचा, मग दोन तास फ्रीजमध्ये, आणि सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, दर कापाला पुन्हा पुसून.

१८ ऑगस्ट, रविवार

उद्यासाठी दोन ट्रे. सकाळी साडेसहाला लोणी कढवायला घेतले. अंड्याच्या ट्रेचे प्रमाण ठरले ते असे : लोणी १२५ ग्रॅम (कढवून ९९), चॉकलेट १५०, घरी दळलेली साखर २००, कॉफीचा काढा २०, अंडी तीन, मैदा ७०, कोको २५, मीठ ३. घरच्या लोण्यात मीठ नसते, म्हणून ते मोजूनच घालावे लागते, चिमटीवर सोडून चालत नाही. लोणी साठ अंशांपर्यंत निवू दिले आणि मगच चॉकलेट घातले. पंधराव्या मिनिटाला ट्रे फिरवला. पंचविसाव्या मिनिटाला सळई ८३, सव्विसाव्याला ८६. हात घातला. मधला भाग थरथरत होता आणि मन अजून दोन मिनिटे मागत होते, ती दिली नाहीत.

१९ ऑगस्ट, सोमवार, राखी पौर्णिमा

सकाळच्या बसने निपाणीला आले. डबे मांडीवर ठेवले होते. भाचीने झाकण उघडून आधी पापुद्र्यावर नख टेकवले, तो फुटला, आणि तिने आतला तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. खाऊन झाल्यावर म्हणाली, "आत्या, यात कुंदा घातलास काय?"

मी तिला लोण्याचे सांगितले. संध्याकाळी वहिनीच्या ओट्यावर पातेले चढवले आहे. तिच्याकडे गाईचे लोणी आहे, त्याचे पाणी नव्याने मोजावे लागेल. २०० ग्रॅम घेतले आहे, पातेल्यासकट वजन भाचीने तिच्या वहीत लिहिले आहे, आणि तडतड अजून थांबलेली नाही.